ब्लू फॉक्समधील रात्री

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटला २००४ मध्ये मदर तेरेसा सरणी असे नाव मिळाले. बोलण्यात मात्र जुनेच नाव राहिले. या रस्त्यावर जेथे पुढे मॅकडॉनल्ड्स उघडले, तेथे एके काळी ब्लू फॉक्स नावाचे उपाहारगृह होते. दिवे मंद होत, टेबलांमधल्या मोकळ्या जागेत जोडपी नाचत आणि पॅम क्रेन गाऊ लागली की काटेचमच्यांचा आवाज थांबे. शेजारच्या ट्रिंकाजमध्ये १९६९ च्या सुमारास साडी नेसलेल्या उषा उथुप पाश्चात्त्य गाणी म्हणू लागल्या. रविवारी सकाळीही जॅम सेशन रंगत.

कोलकात्याच्या साहित्यिक स्मृतीत या रात्रींना फारशी जागा नाही. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसविषयी मात्र आठवणी, कविता, कादंबऱ्या विपुल आहेत. त्या अड्ड्यावरचे बंगाली गाणेही मन्ना डे यांच्या आवाजात सर्वतोमुखी झाले. याचे कारण साधे आहे : कॉफी हाउसमध्ये बसणारे स्वतः लिहिणारे होते. शंकर यांची ‘चौरंगी’ (१९६२) हा ठळक अपवाद; पण तिचा निवेदक हॉटेलात नोकरी करणारा आहे, आणि वादकांपेक्षा त्याचे लक्ष पाहुण्यांकडे अधिक आहे.

ब्लू फॉक्सचे कलावंत लिहिणारे नव्हते आणि बंगालीही नव्हते. पॅम क्रेन अँग्लो-इंडियन. पियानोवर बसणारे लुई बँक्स दार्जिलिंगच्या नेपाळी घराण्यातले. सॅक्सोफोन वाजवणारे ब्राझ गोन्साल्विस गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. प्रार्थनेसाठी दिलेल्या या विद्येने पुढे किती जणांना पोटासाठी उपखंडभर हिंडवले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या रात्री ओसरल्या आणि पुष्कळ गोमंतकीय वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पडद्यावर दिसतो तो याच काळात. कोलकात्यात तशी बंदी नव्हती. तेथे वादकाला जिवंत श्रोता मिळत होता.

त्या श्रोत्याची नेमकी योग्यता ठरवणे अवघड आहे. तो जेवायला आलेला असे. ओळखीची धून मागे. परंतु त्या धुनेच्या पोटात वादक आपला मार्ग काढी. ख्यालात बंदिश तीच राहते आणि उपज दर बैठकीला नवी होते, हे ज्याला कळते त्याला जॅझचे हे अंग परके वाटू नये. फरक इतकाच की ख्यालाच्या बैठकीविषयी लिहिणारे रसिक होते. ब्लू फॉक्समध्ये मध्यरात्री जे सुचले ते बहुतांशी मध्यरात्रीच संपले.

तरीही या रात्रींविषयी हळवे होताना थोडे थांबावे लागते. याच शहरात १९५९ आणि १९६६ मध्ये अन्नासाठी आंदोलने झाली. फाळणीनंतर आलेले निर्वासित स्टेशनांवर राहत होते. त्या कोलकात्याला पार्क स्ट्रीटचा झगमगाट परका, किंबहुना उद्दाम वाटला असेल तर नवल नाही. कॉफी हाउसच्या तिरस्काराला आधार होता. चूक झाली ती एवढीच की बिल भरणारा आणि वाजवणारा यांना एकाच टेबलावर बसवले गेले. वादक तेथे श्रीमंत नव्हता. तो नोकर होता.

मग हे संपत गेले. नक्षलवादी चळवळीची वर्षे, विजेची टंचाई, करमणूक कर यांनी रात्री आखूड केल्या. अँग्लो-इंडियन कुटुंबे ऑस्ट्रेलियाकडे, इंग्लंडकडे निघाली. त्यांच्याबरोबर गाणारेही गेले आणि नाचणारेही. पॅम क्रेन मात्र कोलकात्यातच राहिली आणि २०१३ मध्ये तिथेच वारली.

लुई बँक्स यांना राहुलदेव बर्मन यांनी ब्लू फॉक्समध्येच ऐकले आणि मुंबईला बोलावले. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम झळकले. त्याची चाल अशोक पत्की यांची. संगीतरचनेत आणि वाद्यमेळात बँक्स यांचा हात होता. पार्क स्ट्रीटवर ज्यांनी कधी पाऊल ठेवले नाही अशा लाखो घरांत तो वाद्यमेळ वर्षानुवर्षे वाजत राहिला. नेपाळमध्ये २००६ पर्यंत जे राष्ट्रगीत होते, त्याची चाल बँक्स यांच्या आजोबांची होती.