कान्हेरीची वाट आणि कल्याणचा लोहार

मुंबईत जन्म गेला, पण कान्हेरी पाहिली नाही, असे सांगणारे बौद्ध बांधव आजही पुष्कळ भेटतात. अजिंठा-वेरूळला जायचे तर रजा लागते, भाडे लागते. कान्हेरी मात्र आपल्या लोकलच्या वाटेवर आहे. बोरीवलीला पूर्वेला उतरावे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत शिरावे आणि सहा-सात किलोमीटर जंगलातून डोंगर चढावा, की काळ्या दगडातील हे जुने धम्मनगर समोर येते. वर्षावासातील एका रविवारी आम्ही विहारातील अठरा-वीस उपासक-उपासिका मुलाबाळांसह तेथे गेलो होतो.

काळा डोंगर म्हणून याचे जुने नाव कृष्णगिरी. त्याचेच पुढे कान्हेरी झाले. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरीव काम सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्खुसंघाचा वावर राहिला. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचे. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच अशा उभ्या बुद्धमूर्ती आहेत. या मूर्ती नंतरच्या काळातील आहेत. आत शिरले की खांबांची रांग आणि शेवटी एकच साधा स्तूप. मुले बाहेर माकडांमागे धावत होती, ती आत येताच आपोआप गप्प झाली.

पण आम्हाला मोठ्या लेण्यांपेक्षा लहान लेण्यांनी अधिक थांबवून धरले. एक छोटा व्हरांडा, आत एक खोली आणि निजण्यासाठी दगडाचाच ओटा. बाहेर दाराजवळ पाण्याचे टाके. पावसाचे पाणी कातळावर कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरते, आणि पावसाळ्यात ती भरून वाहतात. एक भगिनी खोलीत डोकावून म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या खोलीहून लहान!" सगळे हसले, पण बोलणे खरे होते. आपल्याकडे जागा नाही, शांतता नाही, म्हणून ध्यान जमत नाही, असे आपण म्हणतो. जागेची सबब तरी कान्हेरीत टिकत नाही.

ही सारी लेणी कोणी खोदविली? येथील ब्राह्मी शिलालेख वाचणाऱ्या पंडितांनी दात्यांची नावे उजेडात आणली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्खू आहेत, भिक्खुणीही आहेत. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे आहेत. वर्षावासात भिक्खूंना चीवर मिळावे म्हणून कोणी कायमचा निधी ठेवला आहे. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिली. राजाच्या बरोबरीने लोहाराचे नाव दगडात राहिले! आज आपली कितीतरी माणसे कल्याण आणि नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी धरून कामाला जातात. दोन हजार वर्षांपूर्वी तेथूनच हातात कसब असलेली माणसे या डोंगराकडे येत होती.

अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात जमिनीवर दगडाचे दोन लांबलचक बुटके ओटे आहेत. लोक त्याला दरबार म्हणतात. पण तेथे राजाचा दरबार कधी भरला नाही. ती संघाने एकत्र बसण्याची जागा. त्याच्या व्हरांड्यात बसून आम्ही सतिपठ्ठान सुत्ताचा अर्थ वाचला. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे, असे तथागत सांगतात आणि दाखला देतात तो लाकूड कातणाऱ्या कारागिराचा. तो लांब फेरा घेतो तेव्हा त्याला ते ठाऊक असते, आखूड घेतो तेव्हाही ठाऊक असते.

आमच्यात एक धम्मबंधू होते. त्यांचे सारे आयुष्य कारखान्यात लेथवर गेले. ते एकदम म्हणाले, "म्हणजे ही तर आमचीच गोष्ट! टूल जॉबला लागले की नजर तिथेच ठेवावी लागते. घरचे भांडण डोक्यात आले की जॉब बाद, नाहीतर बोट बाद. जोर करूनही चालत नाही, झोपून तर नाहीच नाही." आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण सम्यक स्मृतीचा इतका सोपा अर्थ क्वचितच ऐकला असेल.

मग लक्षात आले, की ध्यान शिकविताना तथागतांनी कामकऱ्यांचीच उदाहरणे पुष्कळ घेतली आहेत. सोनार मुशीतल्या सोन्याला कधी फुंकर घालतो, कधी त्यावर पाणी शिंपडतो, कधी नुसते पाहत राहतो. सारखी फुंकर घातली तर सोने जळेल, सारखे पाणी शिंपडले तर निवेल, नुसते पाहत बसले तर पुरते शुद्ध होणार नाही. मनाचेही तसेच. प्रयत्न, एकाग्रता आणि तटस्थता ही तिन्ही वेळ पाहून वापरावी लागतात. वाईट विचार हटविण्यासाठी चांगला विचार आणावा, हे सांगताना दाखला सुताराचा आहे : तो बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो. ही शिकवण रिकामटेकड्यांसाठी असती, तर तिच्यात एवढी हत्यारे कशाला आली असती?

जेवणाच्या वेळी मात्र वाद झाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष करायला सांगितले. डोळे मिटून बसलो तर अन्याय करणाऱ्यांचे फावेल." त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. जगाकडे पाठ फिरविणारे ध्यान आपल्याला नकोच. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे, आणि सम्यक स्मृती व सम्यक समाधी ही त्या मार्गाचीच अंगे आहेत. आठांतली सहा घेऊन दोन टाकून देता येत नाहीत.

त्याला खरे उत्तर दिले ते घरकाम करणाऱ्या एका उपासिकेने. ती म्हणाली, "भाऊ, मोर्चात पुढे असणारा माणूस घरी येऊन ताट भिरकावतो, तेव्हा पोरं काय शिकतात? बाहेरच्या अन्यायाशी लढा, मी पण येते. पण हात उचलायच्या आधी आपला राग आपल्याला दिसला पाहिजे का नको?" कोणीच बोलले नाही. तो तरुणही मान खाली घालून ऐकत होता. नंतर त्यानेच तिच्या हातातला डबा घेतला आणि टाक्यावरून धुऊन वाहिलेल्या पाण्याने नव्हे, आपल्या बाटलीतल्या पाण्याने विसळून दिला. टाके घाण होऊ नये म्हणून.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ध्यानाला दहा दिवसांची रजा मिळाली तर उत्तमच. पण नाही मिळाली म्हणून अडू नये. त्याच सुत्तात चालताना, उभे असताना, बसताना, निजताना, जेवताना, कपडे घालताना सजग राहण्यास सांगितले आहे. यांतली एकही गोष्ट अशी नाही, जी आपण रोज करीत नाही. नळावर रांगेत उभे असता दहा श्वास पाहावेत. गाडीत कोणी पाय तुडविला तर तोंडून शिवी निघण्याआधी छातीत काय होते ते पाहावे. पगाराच्या दिवशी पाय गुत्त्याकडे वळू लागले, तर ते वळत आहेत एवढे तरी त्याच क्षणी जाणावे. जाणले की परत फिरायला जागा मिळते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी सगळ्या कुटुंबाने पाच मिनिटे शांत बसावे. मुले चुळबुळ करतील, करू द्यावीत.

याने काय फरक पडतो, असे आठवड्याभरात विचारू नये. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. पण झिजला की दिसतो. मनातले विकार असेच झिजतात, हा दाखलाही तथागतांचाच.

कान्हेरीला अवश्य जावे, सहकुटुंब जावे. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे. पाणी आणि भाकरी सोबत न्यावी, कचरा परत आणावा, भिंतीवर आपले नाव खरडू नये. नंद लोहाराचे नाव तेथे आहे. पण त्याने आधी वाट बांधून दिली होती.