चकतीचा खेळ आणि आम्ही दोघी

मैत्रिणींनो, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर ‘चल, खेळायला जाऊ’ असं तुम्हांला कुणी म्हटलं, तर तुम्ही काय कराल? मी तर आधी ओट्याकडे पाहिलं. कुकर लावायचा राहिला होता!

२०२३ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागताच मी धाकट्या बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. मुलं सासूबाईंजवळ ठेवली होती. खरं सांगते, जाताना मनात अढी होती. त्याआधी दोन वर्षांपूर्वी आमची आई गेली, तेव्हा ही आली नव्हती. शेवटचे सहा महिने आईचं सगळं मी केलं, वर अर्धवेळ शाळा होतीच. ही फोन करायची, पैसे पाठवायची. तिच्या घरी पहिले चार दिवस आम्ही दोघी मुलांचे अभ्यास नि तिथं मिळणारी कोथिंबीर यांवरच बोलत राहिलो.

पाचव्या दिवशी तिनं हातात एक चकती ठेवली. म्हणाली, “ताई, डिस्क गोल्फ. चल.”

तिथलं गोल्डन गेट पार्क म्हणजे हजार एकरांहून मोठी बाग. पश्चिमेचं टोक थेट समुद्राला भिडलेलं. दीडशे वर्षांपूर्वी तिथं बहुतेक वाळूच्या टेकड्याच होत्या म्हणे. झाडं लावून लावून हे रान उभं केलं. पाइन, सायप्रस आणि आपली नीलगिरी! वास येताच सर्दीची बाटली आठवली. समुद्रावरून धुकं आत येत होतं. मे महिना असून मी शाल घट्ट ओढून घेतली. (तिकडे जाणार असाल तर उन्हाळा समजून सुती साड्याच नेऊ नका.)

या झाडीत अठरा ठिकाणी खांब आहेत. खांबावर साखळ्या लोंबतात आणि खाली जाळीची टोपली. ठरल्या जागेवरून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. अंतर दोन-तीनशे फुटांचं, पण मध्ये झाडं! चकती मुलांच्या खेळण्यातल्यापेक्षा लहान, जड आणि कडेला धारदार. अंगठा वर, बोटं खाली, नि झटका मनगटाचा. जोर लावला की फसलंच. उजव्या हातानं अशी फेकली की वेग सरता सरता ती डावीकडे कलते. माझी पहिली चकती दहा पावलांवरच्या बुंध्यावर आपटली. बहीण हसली नाही, म्हणून मीच हसले.

चालता चालता ती माहिती देत होती. एड हेड्रिक नावाच्या माणसानं १९७५ च्या सुमारास साखळ्यांचा हा खांब काढला. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेनं त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या केल्या. मी म्हटलं, “काय बाई एकेकाचं वेड!” ती मात्र थांबली.

“ताई, आईच्या अस्थी कुठं सोडल्या गं?”

दोन वर्षांत तिनं विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. “आंजर्ल्याच्या खाडीत,” मी म्हटलं आणि रागानं चकती भिरकावली. ती गेली थेट काटेरी झुडपांत.

दोघी वाकून शोधू लागलो. मागून दोन मुलं खेळत येत होती, त्यांना हातानंच पुढं जायला सांगितलं. झुडपात तोंड खुपसूनच ती म्हणाली, “तू एकदाही ये म्हणाली नाहीस.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ते खरं होतं. तिनं तीनदा विचारलं होतं, ‘येऊ का?’ आणि तीनदा मी ठसक्यात म्हटलं होतं, ‘कशाला? मी आहे ना!’ मग सगळ्यांना सांगत फिरले की ती आली नाही. बायांनो, हे लिहितानाही कानशिलं तापतात.

“चुकलंच माझं,” मी म्हटलं. ती काही बोलली नाही. चकती तिलाच सापडली, ओरखडे मात्र दोघींच्या हातांवर.

सातव्या खांबाला माझी चकती पहिल्यांदा साखळ्यांना लागली. तो खळखळाट अगदी माहेरच्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नवव्या खांबाशी आम्ही खेळ थांबवला. तिच्या तेहतीस फेकी, माझ्या बावन्न. मग समुद्रावर जाऊन थर्मासमधला चहा पीत, आई शेवटी काय काय खायला मागायची ते मी तिला सांगत बसले. अंधार पडेपर्यंत ती विचारत होती.

एक चकती तिनं माझ्या बॅगेत घातली. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, “आता पदकं आणणार वाटतं!” पदकं कसली! दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. अगदी चपखल बसते हो. रविवारी बहिणीचा फोन येतो, तेव्हा ती आधी हेच विचारते, “ताई, आज दुधावर आहे की मैदानावर?”