कापसाची खाज

2023 सालच्या एप्रिलची गोष्ट आहे. आमच्या घरात तेव्हा कापूस होता. पुढची खोली खालून वरपर्यंत भरली होती. दार उघडलं की कापूस पायावर यायचा, म्हणून दाराला आडव्या फळ्या लावल्या होत्या. त्या खोलीत मावला नाही तो मधल्या घरात भिंतीशी लावला आणि त्यावर जुनी लुगडी झाकली. आठ एकरांतला 41 क्विंटल कापूस. माणसं उरलेल्या जागेत राहत होती.

ज्यांच्या घरी कापूस नसतो त्यांना वाटेल, पिकलेला माल घरात कशाला कोंडायचा? त्याचं कारण मागच्या वर्षात होतं. 2021 च्या डिसेंबरात मी साडेआठ हजारानं कापूस विकून मोकळा झालो. पुढे उन्हाळ्यात तोच कापूस बारा हजारांच्या वर गेला. आमच्या गावात ज्यांनी ठेवला त्यांनी कोणी मोटरसायकल घेतली, कोणी स्लॅब टाकला. मी चावडीजवळून जायचो तर लोक मुद्दाम विचारायचे, "का भाऊ, किती भावानं देल्ला होता?" ते विचारणं फार लागायचं.

म्हणून 2022 च्या दिवाळीलाच मी घरात सांगून टाकलं, दहा हजार झाल्याशिवाय कापूस हलणार नाही. त्या वर्षी जुलैत आमच्या जिल्ह्यात अति पाऊस झाला होता. नदीनाल्याकाठची वावरं खरडून गेली. माझी तीन एकरांतली पऱ्हाटी दुबार लावावी लागली. एवढं सोसून आलेला कापूस कमी भावात काहून द्यायचा, हा माझा हिशेब. नोव्हेंबरात व्यापारी घरापर्यंत आला. नऊ हजार म्हणाला. मी त्याला चहा पाजून परत लावलं.

जानेवारीत भाव साडेआठावर आला, फेब्रुवारीत आठावर. हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला 6,380 होता, त्यामुळे सरकारी खरेदीकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्या विदर्भात हेच चाललं होतं. घराघरांत कापूस आणि माणसं भावाची वाट पाहत बसलेली. पोरगा मोबाईलवर रोज हिंगणघाटचा भाव पाहायचा. एक दिवस तो म्हणाला, "बाबा, देऊन टाकू. सूतगिरण्यांची मागणीच थंड आहे म्हणते." मी चिडलो. जेवणाच्या ताटावर त्याला बोललो, "ज्याले घाई असन त्यानं आपल्या हिश्श्याचं वावर वाटून घ्यावं अन् खुशाल विकावं." सून तेव्हा भाकर वाढत होती. तिचा हात तिथंच थांबला. त्या दिवसानंतर घरात कापसाचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना पटलं.

कापूस घरात असणं मला लहानपणापासून ओळखीचं. पहिल्या वेच्याला वावरात सीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग कापूस घरी यायचा. आम्ही पोट्टे गंजीवर उड्या मारायचो आणि थंडीत त्यातच झोपायचो. सोयरीक पाहायला आलेले पाहुणे आधी कापसाची गंजी पाहायचे, मग पोरगा पाहायचे. पुढे 1972 साली एकाधिकार खरेदी आली. तेव्हा बाबांबरोबर मी बंडीवर बसून कापूस न्यायचो. बंड्यांची रांग एवढी की दोन-दोन रात्री बैलांजवळ झोपावं लागायचं. पण कापसानं माणसाला खाज सुटते हे त्या काळात आमच्या घरी कोणी पाहिलं नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये गावात थोडी कुजबुज होती. कोणाच्या घरी लेकराच्या अंगावर पुरळ आलं, कोणाची बायको दवाखान्यात जाऊन आली. मी म्हटलं घामोळ्या असतील. मला स्वतःला काही त्रास नव्हता. कारण मी बारा महिने बाहेर छपरीत बैलांजवळ बाज टाकून झोपतो. घरात जातो तो जेवायला.

एप्रिलच्या शेवटी अवकाळीनं धरलं. एका रात्री दहाच्या सुमारास वावधन सुटलं. छपरीचे दोन टिन उडाले आणि माझी बाज ओली झाली. अंगणात झोपलेले बाकीचे आधीच गाद्या गुंडाळून आत पळाले होते. लाईन गेली. बैलं आतल्या बाजूला बांधून मीही मधल्या घरात आलो. तिथं माय भिंतीशी बाजेवर, बायको खाली, पोरगा, सून आणि चार वर्षांची नात पलीकडे. मोकळी जागा होती ती कापसाच्या गंजीला लागून. तिथं मी चटई टाकली.

अर्धा तास गेला असेल. मानेवर काहीतरी चावलं. थापड मारली, हाताला काही लागलं नाही. मग कंबरेत चावलं, मग काखेत, मग पोटावर. ढेकूण म्हणावा तर तो वास नाही. मुंगी म्हणावी तर दिसली असती. टॉर्च लावून चटई झटकली. चटईवर एक गुलाबी बोंडअळी चालली होती. भिंतीवर बारके मातकट पतंग बसले होते, तेही तिचेच. त्या अळीला मी चांगला ओळखतो. 2017 साली तिनं आमची बोंडंच्या बोंडं पोखरली होती, तेव्हा तळहातावर घेऊन पाहिली आहे. ती पिकाचा सत्यानाश करते, पण माणसाला चावत नाही. मग चावतं कोण? टॉर्च अंगाजवळ धरून पाहिली. अंगावर लाल गांधी उठत होत्या, आणि चावणारा कुठं दिसत नव्हता.

बॅटरी वाचवायला टॉर्च बंद केली आणि पडून राहिलो. पाऊस जरा कमी झाला होता. टिनांवरचा आवाज थांबल्यावर मला दुसरा आवाज ऐकू आला. खर्र... खर्र... कोणीतरी खाजवत होतं. बाजेवरून येत होता तो आवाज. मग खालून आला, बायकोच्या बाजूनं. मग पलीकडून. एक थांबलं की दुसरं सुरू. घरातलं एकही माणूस झोपलेलं नव्हतं आणि एकही बोलत नव्हतं.

मी म्हटलं, "माय, जागी हायेस काय?"

"हाव."

"खाजवून राह्यली काय?"

"म्हातारीचं आंग हाये बाबू. खाजतेच."

तेवढ्यात अंधारात नात बोलली, "आबाजी, मले तं रोजच चावते. आई म्हणते, आबाजीले सांगू नोको."

सून घाईनं म्हणाली, "तसं नाई मामाजी, तिले काई समजत नाई..." आणि गप्प झाली.

मी उठलो, टॉर्च लावली. नातीला जवळ घेतलं, तिचा झबला वर केला. पाठीवर, पोटावर दाणे होते. काही ताजे, काही खाजवून फुटलेले, काहींवर खपल्या. खपल्या म्हणजे ते आजचे नव्हते. मायचे हात पाहिले, कोपरापर्यंत तेच. बायकोनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला, मी पाहू नये म्हणून.

"कधीपासून?"

कोणी बोललं नाही. मग बायकोनंच सांगितलं. होळीच्या आधीपासून. मी पहाटे वावरात गेलो की ती निंबाचा पाला उकळून सगळ्यांना आंघोळ घालायची. पोरगा दवाखान्यातून मलम आणायचा, ते दोन दिवस पुरायचं. आदल्या महिन्यात सून माहेरी आठ दिवस गेली ती लग्नासाठी नव्हे, पोरीला जरा झोप मिळावी म्हणून. मी तिला जाताना म्हणालो होतो, एवढे दिवस कायले?

"अवं, मग मले सांगाचं नाई काय?"

"सांगून का होनार होतं?" बायको म्हणाली. "तुमी पोराले ताटावर का बोल्ले होते? वावर वाटून घे म्हन्ले. मंग कोन सांगन तुमाले?"

पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर झोपण्यात अर्थ नव्हता. आम्ही सगळे सैपाकघरात आलो. सैपाकघरात कापूस नव्हता. बायकोनं चूल पेटवली, काळा चहा केला. नात माझ्या मांडीवर झोपली, झोपेतही तिचा हात पाठीकडे जायचा. मी तो धरून ठेवला. मला स्वतःच्या अंगाला आग लागली होती, पण खाजवायची लाज वाटत होती. या लोकांनी दोन महिने माझ्यासमोर हात आवरून धरले होते. मला एक रात्र धरवत नव्हतं.

उजाडल्यावर मी पोराला म्हटलं, "गाडी सांग." त्यानं फक्त मान हलवली.

पण गाडी लगेच मिळाली नाही. रोज संध्याकाळी पाणी येत होतं, ओला कापूस कोण घेणार? आणि भरायला माणसं येईनात. कापूस म्हटलं की मजूर हात जोडायचे. शेवटी जास्तीची मजुरी कबूल केली तेव्हा चौघं आले, तेही अंगाला तेल चोपडून, तोंडाला दुपट्टे बांधून. मे महिन्याच्या मध्यात कापूस हिंगणघाटच्या बाजारात गेला. साडेसात हजार भाव मिळाला. वाळून घट झाली होती, काटा 38 क्विंटलच भरला. दोन लाख पंचाऐंशी हजार झाले. नोव्हेंबरात 41 क्विंटल नऊ हजारानं दिला असता तर तीन लाख एकोणसत्तर हजार झाले असते. चौऱ्याऐंशी हजार गेले, शिवाय दवाखाना आणि हमाली.

कृषी खात्याच्या एका माणसानं नंतर मला नीट समजावून सांगितलं. सरकीत बोंडअळी राहते आणि त्या अळीवर जगणारी एक कोळ्याच्या जातीची बारीक कीड असते. आठ पायांची, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. ती माणसाच्या अंगात घर करत नाही. चावते आणि गळून पडते. म्हणून कितीही पाहा, अंगावर काही सापडत नाही. कापूस घरात असेपर्यंत ती चावतच राहणार, मलमं लावून काही होत नाही, असं तो म्हणाला. त्याचं ऐकून मला वाटलं, आमच्या घरी सगळ्यांना दुखणं माहीत होतं आणि औषधही माहीत होतं. औषध माझ्या हातात होतं.

घर रिकामं झालं त्या दिवशी बायकोनं आणि सुनेनं भिंती झाडल्या, कचरा दूर नेऊन जाळला, गाद्या चार दिवस कडक उन्हात टाकल्या. जमीन दोनदा सारवली. खाज जायला तरी आणखी पंधरा दिवस लागले. पावसाळ्याच्या तोंडावर भाव आणखी उतरला. लोक म्हणाले, भाऊनं बरं केलं, टायमावर काढला. मी काही बोललो नाही. मी भाव पाहून काढला नव्हता.

आता गोठ्यापलीकडे टिनाची खोली केली आहे. कापूस तिथं राहतो, घरात येत नाही. फरदड घेणं बंद केलं. पऱ्हाटी वेळेत उपटतो, म्हणजे अळीला पुढं जगायला जागा राहत नाही. आणि विकायची वेळ आली की सगळ्यांना बसवून विचारतो. पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहत राहिले, कोणी तोंड उघडेना. सून म्हणाली, "तुमी म्हनान तसं, मामाजी." पोरगा मोबाईलमध्ये पाहत बसला. एकदा बंद झालेली तोंडं विचारल्याबरोबर उघडत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

मी थांबलो. तेव्हा माय बाजेवरून म्हणाली, "इकून टाक बाबू. या वयात झोप महाग हाये." त्यावर आधी नात हसली, मग सून, आणि मग पोरानं मोबाईल बाजूला ठेवून सांगितलं, आज भाव किती आहे ते.