देवघेव

आपण मराठीच्या अभ्यासाला लागला आहात, त्याअर्थी कधी ना कधी एखाद्या वाचनालयाचा उंबरा आपण ओलांडला असेलच. आत गेल्यावर समोर एक लांब मेज असते. त्यावर ‘देवघेव’ अशी पाटी असते आणि मेजापलीकडे कोणीतरी बसलेले असते. पाटी आपण वाचतो. बसलेल्या माणसाकडे मात्र क्वचितच पाहतो. अशाच एका ग्रंथपाल बाईंविषयी मी येथे लिहिणार आहे. माझा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे आधी त्या पाटीवरच्या शब्दाशी थोडे थांबावेसे वाटते.

इंग्रजीत या विभागाला ‘सर्क्युलेशन’ म्हणतात. रक्ताचे, चलनाचे, वर्तमानपत्राचे असते तसे पुस्तकाचे अभिसरण. त्यात गती दिसते, माणूस दिसत नाही. मराठी शब्द मात्र दोन क्रिया जोडून तयार झाला आहे. त्याला देणारा लागतो आणि घेणाराही लागतो. व्यापारातल्या व्यवहारालाही हाच शब्द चाले. उधारी, वही, मुदत, विश्वास हे सारे त्याच्यामागून वाचनालयात आले. शिवाय त्यात देणे आधी आहे, घेणे नंतर. या क्रमावर मी फार मोठा सिद्धान्त उभारणार नाही. पण तो मला आवडतो.

बाई लालबागमधील एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल आहेत. त्यांचे आणि वाचनालयाचे नाव सांगत नाही, कारण त्यांना संकोच होईल. पीएच.डी.च्या कामासाठी मला गिरणगावातील बोलीचे छापील नमुने हवे होते, तेव्हा तीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. त्या वेळी त्या साहाय्यक होत्या. लग्नानंतर, मुलगी चार वर्षांची असताना त्यांनी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि मग ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिली. आपल्या हाती आहेत तशाच पुस्तिका त्यांनी रात्री स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने वाचल्या. बसले की झोप येते, असे त्या सांगत.

घर अँटॉप हिलला, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत. पतीच्या नोकरीमुळे मिळालेले. अँटॉप हिल या नावाचे मूळ ‘अंतोबा’ नावाच्या कोणा जुन्या जमीनमालकात असावे, असे एक मत आहे. ते खरे मानले तर अंतोबाच्या टेकडीला इंग्रजांनी टोपी घातली आणि आपण ती टोपी न काढता ‘अँटॉप हिलची टेकडी’ म्हणू लागलो. एकाच नावात दोनदा टेकडी! स्थलनामे अभ्यासताना अशी द्विरुक्ती आपल्याला पुष्कळदा भेटेल. जवळच शेख मिस्री यांचा दर्गा आहे, वडाळ्याचे विठ्ठलमंदिर फार दूर नाही आणि एका बाजूला फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या स्थानकाचे जुने नाव कोळीवाडा, आजचे गुरू तेगबहादूर नगर. वसाहतीतल्या एकाच जिन्यावर तमिळ, तेलुगू, बंगाली आणि मराठी घरे. समोरच्या दारातल्या तमिळ मामी बाईंच्या सासूबाईंना रोज दुपारी फिल्टर कॉफी देत. दोघींना एकमेकींची भाषा येत नसे आणि गप्पा मात्र तासभर चालत. त्या गप्पांचे ध्वनिमुद्रण करून ठेवायचे माझ्या मनात फार होते.

बाईंचा दिवस पहाटे पाचला पाण्याच्या आवाजाने सुरू होई. सासूबाईंचा चहा, दोन डबे, मुलीची वेणी. वाचनालय सकाळी तीन तास आणि संध्याकाळी साडेतीन तास उघडे. मधली दुपार लांबलचक. एवढ्यासाठी अँटॉप हिलला परत येणे परवडत नसे, म्हणून त्या तिथेच राहत. त्या दुपारीच त्यांचे मित्रमंडळ जमले. एक निवृत्त शिक्षिका, एक शिवणकाम करणाऱ्या बाई, गिरणीतून संपानंतर कायमचे घरी बसलेले एक आजोबा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपाविषयी आपण वाचले असेल. आजोबा त्याविषयी फारसे बोलत नसत. ते पुस्तकांना खाकी कागदाची वेष्टणे घालीत आणि कण्याच्या जागी असा नीट दुमड पाडीत की बाई म्हणत, “हात मागावरचा आहे, कळतं.” मार्च २०१९ मध्ये मोनोरेल अँटॉप हिलवरून लोअर परळच्या बाजूला धावू लागली, तेव्हापासून बाईंचा प्रवास सुखाचा झाला. वाटेत आचार्य अत्रे नगर हे स्थानक लागे. मराठी ग्रंथपालाला रोज अत्र्यांवरून जावे लागावे, याची त्यांना गंमत वाटे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानुसार ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळते. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग ठरतात. अनुदान हप्त्यांनी येते आणि पगार अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून असतो. घराचा कणा पतीचे वेतन आणि सरकारी घर हाच होता, हे बाईंनी कधी लपवले नाही. तो कणा आणि वाचनालयाची इमारत ही दोन्ही एकाच वर्षी हलली.

वाचनालय एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर होते. चाळ पुनर्विकासात गेली. नवी इमारत उभी राहीपर्यंत जवळच्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. दोन खोल्यांत निम्मीच पुस्तके मावणार होती. कार्यकारिणीने सरळ हिशेब मांडला: दहा वर्षांत ज्याची देवघेव झाली नाही, ते पुस्तक बाद.

‘बाद’ हा शब्द पाहा. फलंदाज बाद होतो, मत बाद होते, नोट बाद होते. एकदा बाद झाल्यावर पुन्हा आत यायची सोय त्या शब्दात नाही. ग्रंथालयात पुस्तक बाद करण्याची रीत आहे आणि ती आवश्यकही आहे. वाळवीने पोखरलेले, पाने गळालेले, चार प्रतींपैकी तीन पडून असलेले पुस्तक जागा अडवते. बाई भावनेच्या भरात पुस्तके कवटाळणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांची हरकत कसोटीला होती.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक तारीखचिठ्ठी चिकटवलेली असते. परतीची तारीख तिच्यावर उमटते. कार्यकारिणीचा पुरावा ती चिठ्ठी होता. पण जे पुस्तक घरी नेताच येत नाही, त्याच्या चिठ्ठीवर तारीख कुठून येणार? दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. वाचनालयातल्या त्या खंडांच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, कोपरे मात्र बोटांनी काळे पडले होते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चेही तेच. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची ती नोंद १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. (शब्दकोशाचे दाते यशवंत रामकृष्ण, सूचीचे शंकर गणेश. परीक्षेत यांची सरमिसळ फार होते, म्हणून सांगून ठेवते.)

बाईंनी बैठकीत मागितले ते एवढेच: तारीखचिठ्ठी पाहा, पण पुस्तकाचा कोपराही पाहा. कार्यवाह सज्जन होते. ते म्हणाले, “बाई, कोपऱ्याची नोंद अहवालात कशी दाखवायची?” या प्रश्नाला बाईंजवळही उत्तर नव्हते. त्यांनी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले तिसरे पुस्तकाची बाजू घेते. वाचकाला पुस्तक मिळाले पाहिजे हे आधी येते. पण पुस्तकालाही वाचक मिळवून देणे हे ग्रंथपालाचे काम, असा त्याचा आशय. परीक्षेत लिहिलेले हे उत्तर बाईंनी त्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष करून पाहिले. दुपारच्या मंडळींना घेऊन त्या कपाटे उपसू लागल्या. बाद होऊ घातलेल्या पुस्तकांत गिरणी कामगारांच्या सभांच्या पुस्तिका होत्या, कोकणातल्या नाट्यमंडळींनी छापलेली पदे होती, स्त्रियांच्या ओव्यांचे छोटे संग्रह होते. हे साहित्य भाषेच्या अभ्यासकाला दुसरीकडे सहज मिळत नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणाची एक नंतरची आवृत्ती होती, मुखपृष्ठ गेलेली.

मग बाईंनी देवघेवीच्या नियमातच वाट शोधली. एका वाचकाला एका वेळी एकच पुस्तक, असा नियम होता. तो कार्यकारिणीने ठरावाने शिथिल केला. नवी इमारत होईपर्यंत जुन्या, विश्वासाच्या वाचकांनी वीस-वीस पुस्तके घरी ठेवायची. रीतसर वहीत नोंद, रीतसर सही. पुस्तक बाद नाही, वाचकाकडे आहे. अहवालात दाखवता येईल अशी ती नोंद होती. आजोबांनी कामगारांच्या पुस्तिका मागून घेतल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ओव्या नेल्या. माझ्याकडे व्याकरणे आली. मराठीचे अक्षरही न वाचता येणाऱ्या मामींनी पत्र्याची ट्रंक रिकामी केली आणि प्रत्येक पुस्तक कशाविषयी आहे ते विचारून घेतल्यावरच सही केली, तीही तमिळमध्ये. वाचनालयाच्या वहीत ती सही आजही आहे.

सगळे वाचले असे मात्र समजू नका. रद्दीच्या टेम्पोत बरेच गेले. त्यात काय होते, याची यादी बाईंनी स्वतःच्या हस्ताक्षरात केली आणि ती दाखल नोंदवहीला जोडली. टेम्पो गेला त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे आठ वाजेपर्यंत पुस्तके दिली-घेतली.

उरलेल्यांचे गठ्ठे बांधले. सुतळी, डांबराच्या गोळ्या, प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी भाषा ४९१.४६ आणि मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकांवर येते. म्हणजे व्याकरण एका टोकाला, कविता दुसऱ्या. नव्या दोन खोल्यांत मधले विज्ञान, आरोग्य, कला इतके आटले की भाषा आणि साहित्य एका कपाटात शेजारी आले. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांत जे आम्हाला जमले नाही, ते जागेच्या टंचाईने केले.

याच काळात पती निवृत्त झाले आणि काही महिन्यांत सरकारी घर सोडायचे होते. बदलापूरला स्वतःचे छोटे घर घेतलेले होते. मुलगी सांगत होती, “आई, आता घरातले डबेसुद्धा दाखल क्रमांक टाकून बांधतेय!” खरेच, मसाल्याचा डबा आणि सासूबाईंची औषधे गठ्ठा क्रमांक एकमध्ये होती, म्हणजे पोहोचल्यावर आधी तोच सुटेल. निघताना सासूबाई मामींच्या दारात बसून राहिल्या. मामींनी कॉफी दिली. त्या दिवशी गप्पा झाल्या नाहीत.

नोकरी सोडावी असे घरात सर्वांचेच मत होते. बदलापूरहून लालबागला यायचे म्हणजे दादरपर्यंत एक गाडी, तिथून करी रोडपर्यंत दुसरी. आणि मिळणाऱ्या पगारात हे बसत नाही, हा पतीचा हिशेब अचूक होता. बाईंनी त्याला आव्हान दिले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “वीस-वीस पुस्तकं माझ्या सहीनं लोकांच्या घरी गेली आहेत. ती परत आल्याशिवाय मी जाऊ कशी?” मग तडजोड झाली. सकाळची वेळ साहाय्यकाने पाहायची, बाईंनी संध्याकाळची. परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत बसायला मिळत नाही. त्या उभ्यानेच वाचतात. ती सवय त्यांना ओट्यापाशी लागलेली आहेच.

नव्या इमारतीचे चार मजले झाले आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा मला दूरध्वनी आला.

“दादोबा नीट आहेत ना गं? पावसाळा आहे, उघडून बघतेस ना?”

“बघते. आणून देऊ का?”

“कुठे ठेवू? राहू दे तुझ्याकडेच. वहीत मुदतवाढ लिहिते. सही मात्र येऊन कर.”