ईदची वही

आमच्या घरात एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली. तिला आम्ही ईदची वही म्हणतो. रमजानचे वीस रोजे झाले की ती कपाटातून बाहेर निघते. त्या वर्षी माणसं किती, दूध किती, शेवया, खारीक, चारोळी किती, तांदूळ किती, मटण किती, आणि सगळ्यांत खाली एका ओळीत काय कमी पडलं नि काय उरलं. सांगायचा मान अम्मींचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा. लिहायचं काम मधलीचं, कारण तिचं अक्षर चांगलं. आम्ही तिघी जावा. थोरली औशाची, मधली उदगीरची, धाकटी परभणीची. तिघींच्या माहेरी दालचा तीन तऱ्हांनी होतो. तो वाद वहीत कुठं नाही, पण दर ईदला होतो.

परवा वही चाळताना २०१६चं पान निघालं. त्या पानावर एक रकाना जास्तीचा आहे. पाण्याचा.

लातूरकरांना ते वर्ष सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ बंद झाले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. तिचं नाव जलदूत. पाणी गाडीत बसून येतं हे आमच्या मुलांनी तेव्हा पाहिलं, आणि त्यांना त्यात काही नवल वाटेनासं झालं, याचंच आम्हाला नवल वाटायचं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि घरामागे एक पिंप मिळायचं, दोनशे लिटरचं. बोअर आधीच आटलेलं. बाकी पाणी विकतचं.

७ जूनला रमजान सुरू झाला. रोज्यात दिवसभर पाणी लागत नाही, मग तुमचं बरं आहे, असं ओळखीची माणसं गमतीनं म्हणायची. आम्हीही हसायचो. पण सहरीची भांडी, इफ्तारची भांडी आणि अकरा माणसांचा पाच वेळचा वजू हा हिशेब त्यांना काय ठाऊक! वाहत्या नदीच्या काठीसुद्धा वजूला पाणी वाया घालवू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते त्या उन्हाळ्यात समजलं. अम्मींनी प्रत्येकाला एक लोटा ठरवून दिला. धाकटीचा मुलगा पाय धुताना लोटा संपला की टाचेवर ओला हात फिरवायचा आणि विचारायचा, "हो गया ना दादी?"

एकविसाव्या रोज्याच्या रात्री तरावीहनंतर वही निघाली. अम्मी म्हणाल्या, "लिहा, सत्तर माणसं."

आम्ही तिघी गप्प. सत्तर हा आकडा घराचा जुनाच. अब्बा होते तेव्हा ईदगाहवरून परतताना ज्याला गळाभेट देत, त्याला घरी यायचं आवतन असायचंच. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण माणसं यायची राहिली नव्हती. शेजारपाजारची वेगळी. आणि दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, नांदेडच्या आपा, म्हणजे आमच्या नणंद, घरातल्या सात जणांसह दोन रात्रींच्या मुक्कामाला.

मधलीनं हिशेब मांडला. सत्तर माणसांच्या बिर्याणीला आठ किलो तांदूळ. तो तीन पाण्यांनी धुवायचा, भिजत घालायचा, मग देगेत भरपूर पाण्यात अर्धा कच्चा शिजवून ते पाणी गाळून टाकायचं. चाळीसेक लिटर तर नुसतं गाळून जाणार. इतक्या वर्षांत ते पसावन मोरीत ओतताना आमचा हात कधी थांबला नव्हता. मग ताटं, वाट्या, पेले, परातीएवढ्या तळाची पातेली. शीरखुर्म्याला म्हणाल तर पाणी लागत नाही, सगळं दूधच. पण पातेल्याच्या बुडाला दूध लागलं तर ते घासायला बादलीभर पाणी जातं. बेरीज दोन पिंपांच्या पुढं गेली.

अम्मी उठून गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत पुढचा हिशेब केला. आपांकडची सात माणसं, दोन दिवस, अंघोळी, संडास, कपडे. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आपांनी या वर्षी नाही आलं तर बरं होईल, असं आमच्यातल्या एकीनं म्हटलं आणि उरलेल्या दोघींनी नाही म्हटलं नाही. मोरीपाशी अम्मी लोटा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. सहरीला भाकरीचा तुकडा मोडताना एवढंच म्हणाल्या, "बेटी आती बोले तो पानी गिनते क्या गे तुम?"

त्या दिवशी जोहरनंतर त्यांनी आम्हाला समोर बसवून बाहत्तरची गोष्ट सांगितली. त्या तेव्हा नव्या नवरी. १९७२च्या दुष्काळात सासूबरोबर खडी फोडायला गेलेल्या. मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. त्या वर्षीच्या ईदला घरात दूध नव्हतं, तर गुळाच्या पाण्यात शेवया शिजवल्या आणि त्या पाच घरांत वाटल्या. "तेव्हा दाणा नव्हता, पण विहिरीच्या तळाला पाणी होतं," त्या म्हणाल्या. "आता गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर जे मागाल ते मिळतं, नि पाणी तेवढं नाही." मग स्वतःच वही ओढून घेतली. लिहिता येत नसलं तरी आकडे त्यांना कळतात. सत्तर त्यांनी सत्तरच ठेवले. बिर्याणीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खोडा."

बिर्याणीच्या जागी बगारा खाना आणि दालचा आला. लातूर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं हे दोन्ही पदार्थ आमच्याकडे हैदराबादइतकेच घरचे. बगाऱ्याला पाणी मोजून लागतं. कांदा, शहाजिरं, पुदिना, आलं-लसूण तेलात परतायचं, तांदळाच्या दुपटीला थोडं कमी पाणी ओतायचं, ते सगळं तांदळातच जिरतं. थेंब बाहेर जात नाही. दालचा एका पातेल्यात होतो. डाळ, दुधी भोपळा, चिंच आणि मटण. २०१५मध्ये राज्यात बैल कापण्यावरही बंदी आली, तेव्हापासून मोठ्याचं घ्यायला घरातले पुरुष धजावत नाहीत. म्हशीचं आहे म्हटलं तरी रस्त्यात पिशवी कोण उघडून बघेल याचा भरवसा नाही. म्हणून बकऱ्याचं, आणि तेही निम्मं. भोपळा वाढवला.

पत्रावळींवर मात्र अम्मी अडल्या. ईदच्या दस्तरखानावर चिनी मातीची ताटं हवीत, पत्रावळ लग्नाच्या मांडवात शोभते, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस घरात अबोला. शेवटी पळसाच्या पत्रावळी नि द्रोण आले, पण शीरखुर्मा काचेच्या वाट्यांतच द्यायचा यावर तडजोड झाली. भिजवलेल्या तांदळाचं पाणी पहिल्या भांड्यांना, तेच पुढं पेरूच्या झाडाला. खरकटी पातेली आधी राखेनं कोरडी घासायची. दूध तापत असताना एकीनं पातेल्यापासून हलायचं नाही. ते काम थोरलीनं घेतलं आणि त्या वर्षी दूध लागलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत लागलं, ही गोष्ट निराळी.

७ जुलैला, गुरुवारी, ईद झाली. जूनमध्ये थोडा पाऊस येऊन गेला होता, गल्लीत चिखल होता, पण धरणात काही नव्हतं. रेल्वे चालूच होती. ईदच्या सकाळची अंघोळ प्रत्येकाला अर्धी बादली, तीही मोठ्या परातीत बसून, म्हणजे उतरलेलं पाणी संडासाला होईल. नवे कपडे घालून मुलं अत्तर लावायला आली तेव्हा त्यांच्या कानामागे साबणाचा फेस तसाच वाळलेला होता. आम्ही पदरानं पुसला.

माणसं आली. साठ-पासष्ट तरी असतील. पाण्याचे पेले आम्ही लहान ठेवले होते. अम्मींना ते खटकत होतं. पेला हातात देताना त्या दर वेळी म्हणत, "और मंगाओ, शरमाओ नको." कुणी मागितलं नाही. दुपारी शेजारच्या काकू आल्या, दर वर्षी येतात तशा. या वेळी त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत त्यांच्याच घरच्या सहा वाट्या. "यातच घाला, धुवायच्या माझ्याकडे," म्हणाल्या. अम्मींनी घातल्या, पण काकू गेल्यावर बराच वेळ बाजेवर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आपांची जीप आली. आपा दर वर्षी मिठाईचा डबा आणतात. या वेळी दुल्हेभाईंनी मागचं दार उघडलं आणि पाण्याचे कॅन उतरवायला लागले. वीस-वीस लिटरचे आठ. त्यांच्या गल्लीत दोन-तीन दिवसांआड का होईना, नळाला पाणी येत होतं.

अम्मींचा चेहरा उतरला. लेकीनं माहेरी येताना पाणी आणायचं, म्हणजे माहेर एवढं आटलं? त्या म्हणाल्या, "ठेव तिकडं," आणि कॅनवर जुनी चादर टाकली. जेवणं आमच्याच पाण्यात झाली. आपा काही बोलल्या नाहीत. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमचा तो रात्रीचा हिशेब आपांच्या कानावर कुणी घातला? की त्यांना आपणहून सुचलं? आजतागायत एकीनंही कबूल केलेलं नाही.

असरची नमाज झाल्यावर अम्मींनी चादर काढली. एक कॅन काकूंकडे पाठवला. एक गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याकडे, एक मशिदीच्या हौदापाशी. पाणी पाजण्यासारखा सदका नाही, असं म्हणत त्या स्वतः दारात उभ्या राहून मुलांना पाठवत होत्या. चेहऱ्यावर रंग परत आला होता. उरलेले पाच घरात ठेवून घेतले. त्या रात्री आपांची मुलं पोटभर पाणी प्यायली, आम्हीही.

निघायच्या आदल्या रात्री प्रश्न आला कॅनचा. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अम्मींनी साठवणीच्या तुरीच्या डाळीची कोठी उघडायला सांगितली. ऑक्टोबर २०१५मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती आणि अजूनही हाताला लागत नव्हती. थोरलीनं कोठीकडे पाहिलं, अम्मींनी थोरलीकडे पाहिलं. मग आम्ही कॅन कोरड्या फडक्यानं आतून जमतील तसे पुसले, वर्तमानपत्राचं नरसाळं केलं आणि एकेका कॅनमध्ये किलोभर डाळ ओतायला बसलो. तोंड अरुंद, डाळ अडकायची, धाकटी वरून टिचक्या मारायची. आपा शेजारी बसून नको नको म्हणत होत्या आणि सांडलेले दाणे वेचत होत्या. सात कॅन झाले. आठव्याला डाळ पुरली नाही.

तो आठवा कॅन अजून आमच्या माळ्यावर आहे. मांजरा त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी भरलं, पुढच्या ईदच्या पानावर बिर्याणी परत आली. आपा दर वर्षी येतात, कॅन मागतात, आणि अम्मी म्हणतात, रिकामा कसा देऊ? यंदा त्यात काय भरायचं, ते अजून वहीत लिहिलेलं नाही.