भिंत लिंपणाऱ्यांचे नाव

बुद्धाचे चित्र नाही असे घर आपल्या वस्तीत सापडायचे नाही. कुठे कॅलेंडरवरचे, कुठे काचेच्या फ्रेममधले. पण लेकराने विचारले, 'बाबा, हे कोणी काढलं?' तर आपल्याला उत्तर येत नाही. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतून कामानिमित्त फिरताना हे मला नेहमी जाणवते.

आमच्या मंडळाच्या अजिंठ्याच्या एका सहलीत माझी आई सोबत होती. तिचा जन्म कुडाच्या भिंती लिंपण्यात गेलेला. एका लेणीत रंग उडून आतला मातीचा थर उघडा पडला होता. तो पाहून ती म्हणाली, "हे तं आपल्यावानीच लिंपलं हाये रे बापू!"

आई शाळेत गेली नव्हती, पण तिने अचूक ओळखले. खडबडीत कातळावर माती, भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू यांचा गारा लिंपायचा. त्यावर चुन्याचा पातळ हात द्यायचा. तो सुकला की चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरायचे. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हे तर आपल्याच ओळखीचे. निळ्या रंगाचा दगड मात्र अफगाणिस्तानातून येई.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना सांगितलीच पाहिजे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे मोठे काम झाले, ते वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम! सोळावी लेणी त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिली, असे तिथला शिलालेख सांगतो. दात्याचे नाव दगडावर राहिले. ज्यांनी गारा तुडवला, रंग वाटले, चित्रे काढली, त्यांचे नाव आज कोणालाही माहीत नाही.

दूर मंगोलियातही बुद्धाची चित्रे कापडावर काढीत. फिरस्ते लोक ती गुंडाळून तंबूतंबूत नेत. त्यांवरही चित्रकाराची सही सहसा नसे. सतराव्या शतकातला झानाबाजार हा भिक्खू आपल्या सुंदर धातुमूर्तींमुळे नावाने ओळखला जातो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शारव या चित्रकाराने एका मोठ्या चित्रात सामान्य मंगोल माणसाचा दिवस रंगवला. त्यात घोडीचे दूध काढणारे आहेत, नमदा तयार करणारे आहेत, लग्नाचे वऱ्हाडही आहे. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या सरकारने शेकडो मठ पाडले आणि त्यांतली असंख्य चित्रे गेली. १९९० नंतर लोकांनी ती कला पुन्हा हाती धरली.

आपल्याकडची चित्रे कोणी पाडली नाहीत, पण ओरखडे कमी नाहीत. १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने दहाव्या लेणीत चित्रावरच आपले नाव कोरले. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे राबून या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. म्हणजे खरा ठेवा आता या भिंतींवरच उरला आहे.

म्हणून सहलीला जाल तेव्हा लेकरांना भिंतीला हात लावू देऊ नका. फोटो काढण्याआधी पाच मिनिटे नुसते चित्र पाहू द्या. घरी आल्यावर त्यांच्या हाती रंग आणि कागद द्या. आणि काढलेल्या चित्राखाली त्यांचे पूर्ण नाव लिहायला सांगा.