गुलमर्गचें वासंतिक हिम

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत उतरावयाचें, तर कडाक्याची थंडीच हवी, अशी आमची समजूत होती. मार्चअखेरीस काश्मीरमधील गुलमर्गला गेलों, तेव्हां ती दूर झाली. १९२७ सालीं स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना येथेंच झाली.

सकाळीं रज्जुमार्गानें सुमारें १०,००० फूट उंचीवरील कोंगदोरीस पोहोंचलों. रात्रीं गोठलेला बर्फ कांचेसारखा टणक होता. पट्ट्या त्यावर ठरेनात. अकराच्या सुमारास मात्र वरचा बोटभर थर मऊ झाला आणि वळणें कशीं आपोआप जमूं लागलीं! लोंकरी कपडे एकेक करून उतरविले.

दुपारीं एक वाजतां आमचा काश्मिरी वाटाड्या "आतां पुरे" म्हणाला. आभाळ निरभ्र, ऊन सुखद, मंडळी हिरमुसली. अफरवटच्या अंगावरील एका घळीकडे बोट दाखवून आम्हीं "तेथून एकच फेरी" असा हट्ट धरला. त्यानें हातांतील काठी बर्फांत खुपसली. ती मुठीपर्यंत आंत गेली. वितळलेलें पाणी खालीं झिरपलें कीं थरांची पकड सुटते, असें तो म्हणाला. आम्हीं मुकाट्यानें पट्ट्या सोडल्या.

चहा घेत असतां घरघराट ऐकूं आला. त्याच घळींतून ओल्या बर्फाचा लोट खालीं येत होता. कोणीच कांहीं बोललें नाहीं.

ज्या उन्हानें सकाळीं वाट मऊ केली, त्यानेंच दुपारीं ती बंद केली. वाचकहो, वसंतांतील हिमावर मनाचें नव्हे, घड्याळाचें ऐकावें.